पिवळ्या दोऱ्याची मोटार

मुंबई
६ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास, शालिग्रामचा साष्टांग नमस्कार.

हातातलं काम खाली ठेव आणि बसून वाच. आपल्या नरडाण्याला परदेशी कारखाना येण्याचा योग आहे, आणि तो योग तुझ्या भावाने जुळवलाय!

माझ्या ऑफिसात नेमकं काय चालतं, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी हसून टाळतो. तर ऐक. परदेशातल्या कंपनीला भारतात कारखाना काढायचा असला की आम्ही तिला जागा शोधून देतो. सध्या एक जर्मन कंपनी आली आहे, इलेक्ट्रिकल माल बनवते. तिच्यापुढे तीन जागा ठेवल्यात. एक मध्य प्रदेशात पिथमपूर, एक गुजरातेत भरूचच्या बाजूला, आणि तिसरी नरडाणा. तिसरं नाव मी घातलं. मोठे साहेब म्हणाले, "हे कुठे आलं?" मी नकाशावर बोट ठेवलं. "आग्रा रोड इथून, सुरत-भुसावळ रेल्वे इथून, तापी इथून. आणखी काय पाहिजे?" त्यांनी नाव तसंच राहू दिलं.

लोकांना वाटतं, पुढाऱ्याने शब्द टाकला की कारखाना येतो. ही माणसं तशी नाहीत गं. त्यांचा एक तक्ता असतो. रस्ता, रेल्वे, पाणी, वीज, बंदर किती लांब, जमीन कशी, सरकारची सवलत किती, कामाला हात कसे मिळतील, साहेबांच्या मुलांना शाळा आहे का. प्रत्येकाला दहापैकी गुण देतात, आणि मग स्वतः येऊन बघतात. त्यांचे इंजिनियर क्लाइनर साहेब १५ मार्चला येतील. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, म्हणून दुभाषा मी. तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून जर्मन शिकलो त्याचं चीज झालं.

बाकी सगळ्यात आपण पास आहोत. भीती एकट्या विजेची. आणि जीप फाट्यावर वळली की पहिलं काय दिसतं? तुझं दुकान. दारात पंपांच्या वीस-पंचवीस जळक्या मोटारी, दुरुस्तीला आलेल्या. ते बघून आंधळ्यालाही कळेल की इथलं व्होल्टेज धड नाही. म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेव, मोटारी कुठेतरी मागे हलव, पाटीही उतरव. धनसिंग नानांना मी लिहिलंय, गावाच्या कमिटीत तेच पुढे आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि एक. मी ऑफिसच्या माणसांबरोबर असेन. फार बोलता-भेटता येईल असं नाही. तू समजून घेशील.

तुझा शालू

*

नरडाणा फाटा
२१ फेब्रुवारी १९९४

चि. शालू, तुला उदंड आयुष्य.

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि मग दुकानातल्या भिकुबाईने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. तिला तुझ्या तक्त्याचं भारी हसू आलं. म्हणते, सून बघायला येणारेही असंच करतात, रंग, उंची, स्वयंपाक, फक्त गुण लिहून ठेवत नाहीत.

धनसिंग नाना तर लग्नघर असल्यासारखे फिरताहेत. परवा दुकानात आले, छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सुंदरबाई, हाई बठ्ठं उचलनं पडी." मी म्हटलं, नाना, हे सगळं तुमच्याच गावाचं आहे, तुमच्याच विहिरींवरनं जळून आलंय. हसले बिचारे. मोटारी शाळेमागे नेऊन कडब्याखाली झाकायचं ठरलंय. वीज दीपनगरला निघते ती खूप लांबून येते, इथे पोचेपर्यंत दमते, म्हणून त्यावरही नानांनी तोड काढली आहे. पंधरा तारखेला पंचक्रोशीत कुणी पंप चालू करायचा नाही. म्हणजे पंचायतीतला बल्ब कसा लख्ख पेटेल बघ!

दुकान बंद ठेवायचं माझ्या जिवावर आलं नाही असं खोटं कशाला सांगू? गहू निघतोय, केळीला पाणी लागतंय, जळक्या मोटारींत नवी तार भरायचा हाच तर हंगाम. तुझे दाजी गेल्यापासून नऊ वर्षांत हे दुकान मी फक्त त्यांच्या तेराव्यापर्यंत बंद ठेवलं होतं. आता माझ्या हाताखाली चार बायका आहेत, आणि दाजींची रीत अजून चालू आहे. जिने मोटार भरली तिने शेवटची गाठ आपल्या रंगाच्या दोऱ्याने मारायची. भिकुबाईचा लाल, जतनबाईचा हिरवा, माझा पांढरा. मोटार परत जळून आली की दोरा बघायचा आणि ती कुणाच्या गळ्यात घालायची ते ठरवायचं. परवा हिरवी आली तर जतनबाई न जेवता ती पुन्हा भरत बसली.

पण तू म्हणतोस तर झाकते. गावातली निम्मी पोरं सुरतेला साड्यांच्या कारखान्यात जाऊन पडली आहेत, कारखाना इथेच आला तर घरी जेवतील. पाटी उतरवून ठेवेन.

येताना हवं तर बोलू नकोस. पाणी प्यायला मात्र ये.

अक्का

*

मुंबई
१९ मार्च १९९४

ती. अक्कास नमस्कार.

फर्स्टक्लास! यापेक्षा चांगली भेट झालीच नसती. जमीन साहेबांना आवडली, स्टेशन आवडलं, नानांनी घातलेला हार तर ते धुळ्यापर्यंत गळ्यात घालून बसले होते. पंचायतीत त्यांनी आपलं यंत्र लावून व्होल्टेज मोजलं आणि दोनदा मान हलवली.

एकदाच बिंग फुटायची वेळ आली. फाट्यावर जीप वळताना साहेब एकदम म्हणाले, "इथे वार्निशचा वास येतोय." तुझ्या दुकानाचाच! मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "लग्नाचे दिवस आहेत, लोक दारं रंगवतात." त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं. पुढे त्यांनी विचारलं की शेतकऱ्यांच्या मोटारी जळल्या तर दुरुस्तीला कुठे जातात. मी म्हटलं, इथे मोटारी जळतच नाहीत. कशी आहे हजरजबाबी?

घरी यायला वेळच मिळाला नाही. धुळ्याला कलेक्टर साहेबांची वेळ ठरलेली होती. रागावू नकोस. आखाजीला, इथे तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, तुला माहेरी न्यायला येतो, आई पहूरला वाट बघतेय.

शालिग्राम

*

नरडाणा फाटा
२ एप्रिल १९९४

शालिग्राम,

आखाजीला मला न्यायला येऊ नकोस. मी येणार नाही. आईला सांग, अक्काला काम आहे.

वेळ नव्हता म्हणतोस. पंचायतीच्या पारावर तुम्ही सव्वा तास होता. डोक्यावर कळस घेऊन ज्या सात बायका उभ्या केल्या होत्या त्यांत चौथी मी होते. तू माझ्यापासून दहा हातांवर होतास. तुझी नजर तिसरीवर आली, तिथून उडाली ती थेट पाचवीवर गेली. मधली बाई तुला दिसलीच नाही. भिकुबाई बाजूला होती, तिने हळूच विचारलं, "तो तुना भाऊ शे ना वं?" मी म्हटलं, नाही गं, दुसरा कुणी असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलले.

माझ्या बोटांना वार्निश आहे, मला ठाऊक आहे. नखांतलं काळं सणालाही निघत नाही. पण त्याच बोटांनी तुला खाचेत तार कशी बसवायची ते शिकवलं होतं ना रे? जळगावला डिप्लोमा करत होतास तेव्हा दर सुट्टीत इथे येऊन बसायचास. तेव्हा तुझी नखं कुठल्या रंगाची होती?

आणि तुमच्या फर्स्टक्लास भेटीचं पुढचं ऐक. तुमची जीप धुळ्याकडे वळली न वळली तोच पंचक्रोशीतल्या सगळ्यांनी एकदम पंप सुरू केले. दिवसभर पीक तहानलेलं, कोण थांबतो? संध्याकाळपर्यंत सात मोटारींनी धूर काढला. कडब्याखालच्या तेवीस आणि या सात. आम्ही आठ दिवस मान वर केली नाही.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. ही कंपनी नेमकं बनवणार काय आहे? इलेक्ट्रिकल माल म्हणजे बल्ब, की वायर, की काय? तू सांगितलंच नाहीस. कदाचित बाईला काय कळणार म्हणून नसेल सांगितलं.

अक्का

*

मुंबई
२५ एप्रिल १९९४

अक्का,

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं.

ती कंपनी मोटारी बनवते. पंपाच्या, गिरणीच्या, छोट्या-मोठ्या सगळ्या. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच पत्रात मला वेड्यात काढलं असतंस.

साहेबांचा अहवाल आला. नरडाण्याला रस्त्याचे आठ, रेल्वेचे नऊ, पाण्याचे आठ. विजेचे नऊ! आणि हातांचा एक. खाली लिहिलंय: "या भागात मोटारी जळत नाहीत असे समजते. त्यामुळे वाइंडिंगला हात लावलेला माणूस पन्नास किलोमीटरमध्ये नाही. शिकवण्यात दोन वर्षे जातील." आणि मोटारीच्या कारखान्यात बाकीची कामं यंत्रं करतात, पण वाइंडिंग, म्हणजे खाचेत तार घालणं, अजून हातानेच होतं, म्हणून त्या रकान्याला ते दुप्पट वजन देतात. एकूण नरडाणा तिसरं, पिथमपूर पहिलं. २० मेला बैठक आहे, तिथे शिक्का बसेल.

मी तो कागद दोनदा वाचला. मूठ झाकली, आणि सव्वा लाखाचं जे होतं तेच झाकलं.

तुझ्यापासून आणखी काही लपवत नाही. ऑफिसात माझी बहीण बागाईतदाराच्या घरी दिलीय असं मी सांगितलंय. फाट्यावर मोटारी भरते हे कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी तू मला दिसली होतीस, अक्का. चौथी. हिरवं लुगडं होतं. मी तुझ्याकडे बघितलं असतं तर तू हसली असतीस, आणि साहेबांनी विचारलं असतं ही कोण. मला लाज वाटली. ती लाज कशाची होती ते आज सांगता येत नाही, पण वाटली.

आता खरं बोलावं तर साहेब म्हणतील, हा माणूस आमच्या तोंडावर खोटं बोलला. नोकरी जाईल. आणि गप्प बसलो तर कारखाना जाईल. मला काहीच सुचत नाही. काय करू?

शालू

*

नरडाणा फाटा
३० एप्रिल १९९४

चि. शालू,

अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोटारी बनवणाऱ्याला आम्ही मोटारी लपवून दाखवल्या! भिकुबाईला वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली, आणि मग डोळे पुसत बसली. मीही हसले. तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस, तो बाजूला ठेवलाय. आधी काम.

नोकरीचं काय घेऊन बसलास? गेली तर ये इकडे, तुझी बसायची फळी रिकामी आहे. खोटं बोललास ते तोंड तुझं आहे, ते तूच उघडायचं. मी मधे पडणार नाही.

करायचं ते असं. बैठक वीस तारखेला आहे ना? तेरा तारखेला आखाजी आहे. त्या दिवशी साहेबाला घेऊन इथे ये. म्हणावं, तुमच्या तक्त्यातली एक ओळ चुकली आहे, ती बघायला चला. या वेळी एक पंप बंद राहणार नाही, एक मोटार झाकली जाणार नाही. तुमच्या मार्चातल्या पराक्रमाने तुंबलेल्या आणि नंतर जळलेल्या मिळून माझ्या दारात आज चौतीस आहेत. त्या सगळ्या रस्त्याच्या कडेला रांगेत लावते, फाट्यापासून दुकानापर्यंत. धनसिंग नाना आधी कपाळावर हात मारून घेत होते, आता म्हणतात पताका लावू. मी म्हटलं पताका नको, ताडपत्री द्या, बायकांना सावलीत बसू दे.

आणि ऐक. आखाजीला आमच्या चौघींनाही माहेरी जायचं होतं. जतनबाईचा भाऊ बैलगाडी घेऊन येणार होता. चौघींनीही निरोप धाडले की येत नाही. वर्षातनं एकदा झोक्यावर बसायला मिळतं खान्देशातल्या बाईला, ते त्यांनी सोडलंय. तेव्हा तू तुझी हजरजबाबी घरी ठेवून ये.

मांडे आणि आमरस करते. साहेबाला तिखट चालतं का ते कळव.

अक्का

*

मुंबई
१६ जून १९९४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

आखाजीच्या दिवशी तू तीनदा विचारलंस, "तो काय म्हणाला रे?" आणि तीनदा मी "नंतर सांगतो" म्हणालो. क्लाइनर जर्मनमध्ये बोलत होता, आणि ते मराठीत आणायला माझी जीभ वळत नव्हती. आता ऐक.

जीपमधनं उतरून रांगेतल्या पहिल्या मोटारीपाशी तो उकिडवा बसला तेव्हा म्हणाला, "वार्निश. दारांचं नव्हतं तर." मी त्याला पुढची मोटार दाखवली. मग भिकुबाई तार घालत होती तिच्यापुढे तो वीस मिनिटं उभा राहिला. तू घाबरलीस, मला खूण केलीस की काय चुकलं विचार. चुकलं काहीच नव्हतं. तो घड्याळ लावून मोजत होता. म्हणाला, "आमच्याकडे या कामाला मुलगी दोन वर्षं शिकते. आणि या बाईने अंगठा कुठे ठेवलाय बघ, असा आमच्याकडे कुणी ठेवत नाही. हा जास्त बरा आहे."

मग दोऱ्यांचं विचारलं. मी सांगितलं, लाल हिचा, हिरवा हिचा, परत आली तर कळतं. त्याने टोपी काढली. ते तू बघितलंस, उन्हाने काढली असं तुला वाटलं असेल.

आणि मग रांगेतली शेवटची. वनाबाबाच्या विहिरीतली मोटार, वरचं झाकण काढून ठेवलेली, आत सगळं जागच्या जागी. गाठीला पिवळा दोरा. तू म्हणालीस, "ही जळलेली नाही. त्र्याऐंशी सालची आहे, अकरा वर्षं चालतेय, फक्त दाखवायला उघडली." मी त्याला तेवढंच सांगितलं. त्याने विचारलं, "पिवळा कुणाचा?"

अक्का, खरं सांगतो, तोंडात आलं होतं की कामाला एक जण होता, तो गेला निघून. तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस, पंख्याने वारा घेत होतीस. मग मी बोललो. "माझा. एकोणीस वर्षांचा असताना मी भरली. ही माझी सख्खी बहीण आहे, हिने आणि हिच्या नवऱ्याने मला शिकवलं. मार्चमध्ये हे दुकान मी बंद करायला लावलं. इथे मोटारी जळत नाहीत हे मी खोटं सांगितलं."

त्याने पिवळ्या गाठीवरून बोट फिरवलं. तेव्हाच तू मला कोपर मारून विचारलंस, काय झालं. मग तो म्हणाला, "का सांगितलं?" मी म्हटलं, वीज कमी आहे हे दिसू नये म्हणून, आणि लाज वाटली म्हणून. यावर तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहितो. "वीज मी आणू शकतो. जनरेटर जहाजात बसतो. असे हात जहाजात बसत नाहीत." मग एवढंच म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या घरी पाणी मिळेल का?" म्हणून मी तुझ्याकडे पाणी मागितलं, आणि तू दोन पेले आणलेस.

आता निकाल. विजेचे नऊ खोडून चार केले, हातांचा एक खोडून नऊ. बैठकीत दोन दिवस भांडण झालं. शेवटी मोटारींची जुळणी पिथमपूरला होईल, त्यांच्याकडे तयार शेड आहे. पण वाइंडिंगचं सगळं खातं नरडाण्याला. पहिल्या वर्षी ऐंशी हात, आणि साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय की निम्म्याहून जास्त बायका असाव्यात. ऐंशी जणांना शिकवायला कोण, तर सुंदरबाई. येशील का ते कळवायला सांगितलंय. आणि माझी नोकरी आहे. मोठे साहेब आधी चिडले, मग म्हणाले, "यापुढे जागा दाखवताना तुझ्या बहिणीला आधी विचारत जा."

एक विचारू? वनाबाबा आपली चालू मोटार आखाजीच्या उन्हात कुणाला उघडू देणारा माणूस नाही. ती रांगेत कुणी ठेवली?

शालू

*

नरडाणा फाटा
२८ जून १९९४

चि. शालू, सुखी रहा.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. अंगठ्याचं आलं तेव्हा भिकुबाईने आपला अंगठा उलटापालटा करून बघितला. म्हणते, साठ वर्षं माझ्याजवळ आहे, मला कधी कळलं नाही. आता जो येईल त्याला दाखवते.

मोटार मी ठेवली, आणखी कोण ठेवणार? आखाजीच्या आधी तीन दिवस वनाबाबाच्या ओट्यावर जाऊन बसले होते. म्हातारा ऐकेना. म्हणे, अकरा वर्षं जिने त्रास दिला नाही तिला मी कशाला छेडू? मी म्हटलं, बाबा, माझा भाऊ हरवलाय, आणि त्याची खूण तुमच्या विहिरीत आहे. मग स्वतः उतरून काढून दिली त्याने.

तू पिवळा नाकारला असतास तर काय केलं असतं तेही ठरवलं होतं मी. माझी पांढरी रीळ कमरेला खोचलेली होती. तुम्ही गेल्यावर पिवळा कापून तिथे पांढरा बांधणार होते, आणि पुन्हा कधी तुझं नाव काढणार नव्हते. म्हणून तुझ्याकडे बघत नव्हते मी. पंख्याने वारा कुठला घेतेय, पंख्याआडून साहेबाचं तोंड न्याहाळत होते. तू काय बोललास ते मला कळलं नाही, पण त्या साहेबाने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि परत तुझ्याकडे. आपलं नाक सारखंच आहे ना. तेव्हा कळलं.

राग होता तो गेला. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू विचारत बसशील.

साहेबाला कळव, शिकवायला येईन. जुळणी पिथमपूरला गेली तर जाऊ दे, तारेवाचून त्यांची मोटार फिरते का बघू. माझी अट एकच आहे. ऐंशी असोत नाही तर आठशे, शेवटच्या गाठीला ज्याचा त्याचा दोरा राहील. एवढे रंग कुठून आणायचे ते धुळ्याच्या पारसमलशेठला विचारलंय. तो म्हणतो, सुंदरबाई, शंभर रंग देतो, वर रिळांचं कपाट फुकट.

पाटी परत लावली. नाना स्वतः शिडीवर चढले होते. वनाबाबाची मोटार विहिरीत गेली, चालू आहे. दोरा तसाच ठेवलाय.

भाऊबीजेला ये. कोट घालून येऊ नकोस, दारात अकरा मोटारी पडल्या आहेत आणि पिवळी रीळ अजून अर्धी शिल्लक आहे.

अक्का